उभी येझदी का बिघडते?

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत ११ वर्षं उभी असलेली १९८४ची येझदी रोडकिंग मोटरसायकल मी घेतली, तेव्हा जो तो एकच विचारायचा, "किती पळालीय?" कमी पळालेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा आपला ठरलेला हिशेब. मीटरवरचा आकडा खरंच कमी होता आणि मी तो सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो. बेळगावात आणून मेस्त्रींच्या पुढ्यात उभी केली, तर त्यांनी मीटरकडे बघितलंही नाही.

"किती वरसं उभी होती?"

"अकरा."

"मग इंजिन खोलायचं बघ."

"अहो मेस्त्री, पळालीच नाही तर झिजणार काय?"

"पळून झिजली असती तर बरं झालं असतं. ही गंजलीय बघ."

आठवड्याने त्यांनी क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या खालीवर धावण्याने फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. वरून चकचकीत होतं. बोटाने फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं खरखर वाजलं. गोळ्यांवर आणि त्या फिरतात त्या खाचेत तपकिरी ठिपके पडले होते, मोहरीपेक्षाही बारीक. एवढ्यावर इंजिन खोलायची वेळ आली होती.

जुनी गाडी चालवून खराब होईल या भीतीने ती झाकून ठेवणारे आमच्या भागात खूप आहेत. शहापुरात, वडगावात, अनगोळात कुठल्याही जुन्या घराच्या पडवीत डोकावा, प्लॅस्टिकखाली एखादी येझदी, राजदूत नाहीतर बुलेट निघेलच. या गाड्या उभ्या राहून नेमक्या कशा बिघडतात आणि चालवायच्या म्हटलं तर काय सांभाळावं लागतं, ते जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगतो. उदाहरण येझदीचं घेतो, कारण माझ्याकडे तीच आहे. शिवाय ती आपल्याच राज्यातली, कर्नाटकातली. आयडियल जावाचा कारखाना १९६१मध्ये म्हैसूरला सुरू झाला. आधी जावा, मग १९७३पासून येझदी, आणि १९९६ला कारखान्याला कुलूप.

आधी इंजिनच्या पोटात काय चालतं ते बघू. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनला ऑइलचा वेगळा साठा असतो आणि पंप ते ऑइल सगळीकडे फिरवतो. येझदी टू-स्ट्रोक आहे. तिच्या क्रँकला असा साठा नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि त्या मिश्रणाचा धुरळा क्रँकच्या खोलीतून वर सिलिंडरमध्ये जाताना वाटेत बेअरिंगना जेवढं तेल लागेल तेवढंच. शेतात फवारणी करून आल्यावर अंगावर औषधाचा पातळ थर बसतो ना, तसं. गाडी रोज चालते तोवर हा थर रोज नवा होतो. उभी राहिली की तेल हळूहळू खाली निथळतं आणि वरचं लोखंड उघडं पडतं.

त्यात आपला पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडे तर जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पिस्टन जिथे थांबला असेल त्याप्रमाणे एखादी वाट उघडीच राहते, आणि सायलेन्सरमधून किंवा पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधून ओली हवा आत जाते. रात्री धातू गार पडला की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब येतात तसे आत थेंब धरतात. बेअरिंगवर पडलेले ठिपके त्याच थेंबांचे.

यावर लोक एक उपाय करतात आणि तो रोगापेक्षा वाईट आहे. दर रविवारी गाडी स्टँडवर चालू करायची, दोन मिनिटं घुंईघुंई करायची आणि बंद. मीही करायचो. पेट्रोल जळतं तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते, हे आपण विसरतो. वाफही थोडीथोडकी नाही, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी होतं. गाडी चांगली तापली तर ती वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते. दोन मिनिटांत सायलेन्सर कोमटही होत नाही, मग ते पाणी आतच बसतं. म्हणजे ओल घालवायला म्हणून आपण आणखी ओल भरतो. येझदीला तर एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, त्यामुळे गंजायलाही दोन.

म्हणून चालू करायची तर किमान १५-२० किलोमीटर चालवायची, नाहीतर हात लावायचा नाही. माझा ठरलेला रस्ता वेंगुर्ला रोड. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि पुढे शिनोळीला महाराष्ट्रात जाऊन चहा. जाताना इंजिन तापतं, चहा होईतो निवतं, येताना पुन्हा तापतं. सीमा ओलांडल्याशिवाय गाडीला घाम फुटत नाही, असं आमच्यात गमतीने म्हणतात.

सील गेलं म्हणजे काय गेलं?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली पंपाचंही काम करते. पिस्टन वर गेला की खालच्या खोलीत ओढ तयार होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सरकतं. पिचकारीच. आता पिचकारीला बारीक भोक पडलं तर काय होईल? येझदीत ही भोकं पडतात क्रँकच्या दोन टोकांना, जिथे रबरी ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ही सीलं वाळून कडक होतात. चालू केली की कडांना फाटतात.

कुठलं सील गेलं हे घरबसल्या ओळखता येतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. डावीकडे क्लच असतो आणि तिथे गिअरबॉक्सचं ऑइल. डावं सील गेलं तर इंजिन ते ऑइल ओढून जाळतं. मागे पांढऱ्या धुराचा लोट, गल्लीतली माणसं शिव्या घालणार आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही न गळता उतरत जाणार. उजवीकडे पॉईंट आणि करंटचा भाग, तिथे ऑइल नाही. उजवं सील गेलं तर आत फुकटची हवा शिरते. धूर नाही, गळती नाही, पण गाडी उभ्या उभ्या आपोआप रेस धरायला लागते आणि तापते. डाव्यात खिसा रिकामा होतो, उजव्यात इंजिन जातं. म्हणून न धुमसणारी, उगाच रेस होणारी गाडी मला जास्त भिववते.

फुकटची हवा वाईट का, ते घरातल्या गॅसच्या शेगडीवरून कळेल. बर्नरला गॅस आणि हवेचं ठरावीक प्रमाण लागतं, हवा जास्त झाली की ज्योत फडफडते. इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन' झालं म्हणतात. त्याने इंजिन नेहमीपेक्षा गरम चालतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा दुसरा अर्थही आहे. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही कमी. उष्णता वाढली आणि वंगण घटलं, दोन्ही एकदमच.

ऊस, इथेनॉल आणि आपली टाकी

ऑइलचं प्रमाण मी लिटरला ४० मिलि ठेवतो, म्हणजे २५ला १. हल्लीचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल चांगलं असतं, ३० मिलि पुरे, असं सांगणारेही भेटतात. त्यांचंही चुकीचं नाही, पण तेवढं ऑइल वाचवून मी कुठे बंगला बांधणार आहे? पंपावर एक सवय लावून घ्यायची. ऑइल आधी ओतायचं, वरून पेट्रोल घ्यायचं, मग ते नीट मिसळतं. नंतर ओतलं तर तळाला बसतं आणि पहिले चार किलोमीटर गाडी ऑइलच पिते.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. बेळगाव जिल्हा उसाचा, कारखाने आणि डिस्टिलऱ्या आपल्याच उशाला. गळिताच्या हंगामात ज्या ट्रॉल्यांमागे आपण धूळ खात चिकोडी-संकेश्वर करतो, तोच ऊस फिरून पुन्हा आपल्या टाकीत येतो. शेतकऱ्याला भाव मिळत असेल तर माझी तक्रार नाही. येझदीच्या काळी मात्र कुणी याचा विचार केलेला नव्हता.

तीन गोष्टी होतात. पहिली, इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. एक किलो पेट्रोलला साधारण साडेचौदा किलो हवा, इथेनॉलला नऊच. जुना जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तेवढंच इंधन सोडतो आणि हवाही तेवढीच येते, म्हणजे मिश्रण आपोआप लीन होतं. मेन जेट एक नंबर मोठा केला की हे बरंच आवाक्यात येतं. दुसरी, जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. पेट्रोलचा पाइप मी दरवर्षी दसऱ्याला बदलतो, शस्त्रपूजेचा तेवढाच उपयोग.

तिसरी गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे. एका जुलैत तीन आठवडे सलग पाऊस लागला आणि अर्धी टाकी पेट्रोल ठेवून गाडी उभी होती. चालू होईना. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून खिडकीत ठेवलं. थोड्या वेळाने बाटलीत सरळ रेघ दिसली. वर ऑइलचा हिरवट रंग असलेलं पेट्रोल, खाली बोटभर गढूळ पाण्यासारखं काहीतरी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. शोषून शोषून पोट भरलं की पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. आणि नळ कुठून ओढतो? तळातून. म्हणजे किक मारली की इंजिनला पहिला घोट मिळतो तो वंगण नसलेल्या पाणी-अल्कोहोलचा.

तेव्हापासून पावसाळ्यात दोनच नियम. टाकी एकतर काठोकाठ भरलेली, म्हणजे आत ओल्या हवेला जागाच नाही, नाहीतर आहे ते पेट्रोल लवकर संपवायचं. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल स्क्रू सोडून काढून टाकायचं. वाटीत राहिलं तर पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट वार्निश उरतं. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, बुजायला कितीसं लागणार?

चोर्ल्याचा उतार

हे प्रकरण मी पैसे मोजून शिकलो. गोव्याला जायचं म्हणून पहाटे निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, सगळा चढ-सपाटीचा रस्ता गाडीने एका दमात काढला. घाट उतरून केरीकडे जाताना खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि मी खूश होऊन थ्रॉटल, म्हणजे मुठीतला ॲक्सिलरेटर, पूर्ण बंद केला. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आपली उतरतेय, पेट्रोलही वाचतंय. चार-पाच वळणांनंतर 'चींऽऽ' असा आवाज आला आणि मागचं चाक धरल्यासारखं झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

झालं काय होतं? उतारावर चाकं इंजिनला फिरवत होती. समजा मिनिटाला ३,००० फेरे. रोडकिंगच्या पिस्टनचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन सेकंदाला ५० वेळा खालीवर, साडेसात मीटरची धाव, दर सेकंदाला. आणि थ्रॉटल बंद असल्याने आत येणारं पेट्रोल नावापुरतं. पेट्रोल नाही तर ऑइल कुठून येणार? पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधली फट संपली, वंगण नव्हतंच, पिस्टनने सिलिंडरला मिठी मारली. यालाच 'सीझ' होणं म्हणतात, आमच्याकडे 'इंजिन जाम बसलं'.

शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेला जुळवलेला कार्ब्युरेटर गोव्यात खाली गेला की दाट हवेत आणखी थोडा लीन होतो. एकट्याने हे कारण इंजिन जाम करणार नाही, पण आधीच लीन असलेल्या गाडीला तेवढा धक्का पुरतो.

अर्धा तास दगडावर बसून राहिलो. गाडी निवली, किक बसली, हळूहळू गोव्यातल्या साखळी गावापर्यंत गेलो. परतल्यावर पिस्टन काढला, तर त्याच्या अंगावर मांजराने ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे. सिलिंडर उद्यमबागेत बोअरिंगला दिला, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. बेळगावात राहायचा हा एक मोठा फायदा. फौंड्र्या आणि मशीन शॉप यांच्या गावात बोअर करणं, बुश टर्न करणं, क्रँक प्रेस करणं यासाठी पुण्याला धावावं लागत नाही. अर्थात तिथल्या माणसाला सुटे भाग बनवायच्या मोठ्या ऑर्डरी सोडून तुमचा एक सिलिंडर धरायला लावणं, ही वेगळी कला आहे. मी शनिवारी दुपारी जातो, सोबत कुंद्याचा डबा असतो.

आता घाट उतरताना थोड्या थोड्या वेळाने थ्रॉटल किंचित उघडतो, की पिस्टनला दोन घोट ऑइल मिळतं. न्यूट्रलमध्ये सोडून देणं हा उपाय नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो. पाय शेवटपर्यंत दाबला तरी गाडी ऐकत नाही.

ठिणगी

रोडकिंगच्या नंतरच्या काही गाड्यांना सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आलं, माझीला पॉईंट आहेत. पॉईंट म्हणजे इंजिनबरोबर उघड-मीट करणारं बटण. मिटलेलं असताना कॉइलमधून करंट वाहतो. उघडलं की तो अचानक तुटतो आणि त्या तुटण्याच्या झटक्यातून हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. जेवढं तुटणं झटपट, तेवढी ठिणगी जोरदार. पॉईंट उघडताना करंटला उडी मारून पलीकडे जायचं असतं. ती उडी कंडेन्सर झेलतो. कंडेन्सर मेला की ठिणगी प्लगवर न पडता पॉईंटवरच पडते, पॉईंट जळून काळे होतात आणि गाडी फटफट करते. गार असताना चालू होते, १० किलोमीटरवर तापून बंद पडते, निवली की पुन्हा चालू, असं झालं तर आधी कंडेन्सर बदलून बघायचा, मग कॉइल. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

पॉईंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, नसेल तर मेस्त्री जाडसर लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बघतात, आणि तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांना तोटा नाही. दर महिन्याला प्लग काढून बघायचा. टोक चॉकलेटी असेल तर सगळं ठीक, पांढरं असेल तर लीन, काळं-ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त.

कागद

'व्हिंटेज' हा शब्द जपून वापरा. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला शिनोळीला चहाला जायचं असतं, त्यामुळे माझी १९८४ची गाडी ५० वर्षांची झाली तरी मी तो नंबर घेणार नाही. साध्या नोंदणीत १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून आरसी वाढवून घ्यायची. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला त्यासाठी २,००० रुपये.

सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी आणखी एक. कोल्हापूर, चंदगडकडून एमएच-०९ची गाडी घेतली आणि ती इकडे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर तिकडची एनओसी आणून इकडे केए-२२ किंवा केए-२३ नंबर घ्यावा लागतो. मामाच्या गावची गाडी आहे, हे कारण चौकीवर चालत नाही.

आणि सीटखालची पिशवी. एक प्लग, प्लग पाना, चेन जोडायची कडी (चेन लॉक), क्लच केबल, पॉलिश पेपर, वायरचा तुकडा, ऑइलची २०० मिलिची बाटली, आणि कंडेन्सर. गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या अलीकडे एक पोरगा जावा ढकलत चालला होता. गाडी गार झाल्याशिवाय चालू होत नाही म्हणाला. मी माझा कंडेन्सर काढून त्याच्या गाडीला बसवला आणि पहिल्या किकला गाडी उठली. "काका, येत्या रविवारी शिनोळीला आणून देतो की," म्हणाला. खूप रविवार गेले. चहा मी अजून तिथेच पितो, आणि जावाचा आवाज आला की मान वळते.